तोतरेपणाचा उपचार खोलीबाहेर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तोतरेपणा आठवड्याभरात घालवून देऊ, पहिल्याच बैठकीत फरक दाखवू, अशा धर्तीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत, एसटी स्थानकांच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवर सतत दिसतात. २२ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागरूकता दिन जवळ आला की त्या वाढतात. त्यांच्याविषयी आणि खऱ्या उपचारांविषयी काही नेमके सांगावे म्हणून हे पत्र.

पहिल्या बैठकीत फरक दिसतो, हे खोटे नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. तोतरे बोलणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती काही परिस्थितींत मुळीच अडखळत नाही. शाळेत सगळ्यांबरोबर ‘भारत माझा देश आहे’ म्हणताना, आरतीत, भजनात, एकट्याने गाताना, कुजबुजताना, टाळीच्या ठेक्यावर एकेक अक्षर म्हणताना, मांजराशी किंवा तान्ह्या बाळाशी बोलताना बोलणे सरळ येते. तोच मुलगा पाच मिनिटांनी हजेरीला ‘हजर’ म्हणताना घट्ट अडकतो. बाहेरून ठेका किंवा दुसऱ्याचा आवाज मिळाला की बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवण्याचे काम मेंदूला सोपे होते, असे मानले जाते. म्हणून कोणीही, कसलेही प्रशिक्षण नसताना, एखाद्याला समोर बसवून अक्षर ओढत बोलायला लावले किंवा त्याच्याबरोबर धडा वाचला, तर तो दहा मिनिटांत अस्खलित बोलेल. त्याचा व्हिडिओ काढता येईल. आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येईल. आणि तो मुलगा बाहेर पडून रिक्षावाल्याला पत्ता सांगताना पुन्हा अडकेल, आणि आपणच मेहनत कमी केली असे समजेल. हा शेवटचा परिणाम आम्हा वाचा-उपचारतज्ज्ञांना सर्वांत जास्त टोचतो. उपचार चुकीचा होता हे कोणी त्याला सांगत नाही.

कानात बसवण्याच्या यंत्रांचेही असेच. स्वतःचा आवाज सेकंदाच्या काही शतांश भागांनी उशिरा ऐकवणारी ही यंत्रे आपण कोणाबरोबर तरी बोलत आहोत असा भास निर्माण करतात. काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो, काहींना अजिबात होत नाही, आणि बऱ्याच जणांत सुरुवातीचा परिणाम पुढे ओसरतो. विकत घेण्याआधी काही आठवडे वापरायला मागावे, आणि ते बाजारात, फोनवर, गोंगाटात वापरून पाहावे.

तोतरेपणा हा बोलण्याच्या हालचालींच्या नियंत्रणातला, मेंदूच्या वाढीशी निगडित फरक आहे. तो बहुधा 2 ते 5 वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे मूल नुकतेच वाक्ये जोडू लागते तेव्हा. बालपणी सुमारे 5 टक्के मुलांना तो कधी ना कधी होतो. त्यांतल्या साधारण चारपैकी तीन मुलांचा आपोआप किंवा थोड्या मदतीने जातो, आणि मोठ्यांत सुमारे 1 टक्का लोकांत तो राहतो. मुलींमध्ये तो लवकर जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून मोठ्या वयात चार पुरुषांमागे एक स्त्री असे प्रमाण दिसते. तो घराण्यात चालतो. 2010 साली काही कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी संबंधित जनुकांतले बदल पहिल्यांदा नेमके सापडले. शेजारच्या मुलाची नक्कल केल्याने, भूत पाहून घाबरल्याने किंवा आईने रागावल्याने तो होत नाही. भीतीने तो वाढतो, हे मात्र खरे, आणि बहुतेकदा ती भीती तोतरेपणामुळेच, लोकांच्या हसण्यातून, नंतर तयार झालेली असते.

जिभेखालचा पडदा कापून आणलेली मुले आजही पाहायला मिळतात. जीभ बांधलेली असल्यास दूध ओढायला किंवा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, पण तोतरेपणाशी तिचा संबंध नाही. 1841 मध्ये बर्लिनमधील शल्यविशारद डिफेनबाख यांनी तोतरेपणासाठी जिभेच्या मुळाचा तुकडाच कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली होती. ती लवकरच सोडून द्यावी लागली. वेखंड उगाळून चाटवणे, अक्कलकाढा, तोंडात गोट्या किंवा सुपारी धरून वाचणे यांनीही काही साधत नाही. लहान मुलाच्या तोंडात गोटी ठेवणे तर जिवावर बेतू शकते. तोतरेपणासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषधही आजवर नाही. मोठ्या वयात, आधी कधी नसताना, बोलणे अचानक अडखळू लागले तर गोष्ट वेगळी. ते पक्षाघात, डोक्याला मार किंवा नव्या औषधाचे लक्षण असू शकते. अशा वेळी थेरपिस्टआधी डॉक्टर, आणि तेही त्याच दिवशी.

आता लहान मुलांबद्दल. ‘मोठा झाला की जाईल’ हे अनेकांच्या बाबतीत खरे ठरते, म्हणून त्याचे वजन इतके आहे. पण कोणाचा जाईल आणि कोणाचा राहील हे खात्रीने सांगण्याची सोय नाही. घरात मोठ्या वयापर्यंत तोतरेपणा राहिलेले कोणी आहे, मुलगा आहे, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली, सहा महिने उलटले तरी कमी होत नाही, यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर वाट पाहू नये. मुलाच्या चेहऱ्यावर ताण दिसतो, डोळे मिटतात, मान झटकली जाते, किंवा ते ‘मला बोलता येत नाही’ म्हणून गप्प बसते, तर एकही महिना थांबू नये.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सर्वांत जास्त अभ्यासलेली पद्धत सिडनीत विकसित झालेली लिडकोम्ब पद्धत. तिच्यात उपचार थेरपिस्ट नाही, आईवडील करतात. थेरपिस्ट दर आठवड्याला त्यांना शिकवतो आणि तपासतो. घरी रोज 10 ते 15 मिनिटे चित्रांचे पुस्तक किंवा खेळ घेऊन बसायचे. प्रश्न असे विचारायचे की उत्तरे छोटी आणि सहज येतील. सरळ आलेल्या बोलण्यावर मधूनमधून, मनापासून शेरा द्यायचा: ‘किती सरळ आलं!’ अडखळलेल्या शब्दावर क्वचितच, हलक्या आवाजात: ‘हा जरा अडकला, परत म्हणतोस?’ अडखळण्यावरच्या एका शेऱ्यामागे सरळ बोलण्यावरचे निदान पाच तरी हवेत. रोज रात्री त्या दिवसाच्या बोलण्याला 0 ते 9 असा आकडा द्यायचा, 0 म्हणजे अजिबात अडखळणे नाही. आकडे सलग काही आठवडे 0 किंवा 1 वर आले की भेटी हळूहळू विरळ होतात, आणि हा दुसरा टप्पा साधारण वर्षभर चालतो. तोच वगळल्यामुळे अनेक ठिकाणी तोतरेपणा परततो.

ही पद्धत बिघडते ती ठरावीक ठिकाणी. आजी-आजोबा, मामा, सगळेच शेरे देऊ लागतात. पाहुण्यांसमोर कौतुक होते. अडखळल्यावरचे शेरे वाढतात आणि खेळाची परीक्षा होते. मूल ‘नको बोलूस तसं’ म्हणाले की शेरे तिथेच थांबवायचे असतात. म्हणून ही पद्धत व्हिडिओ पाहून घरच्या घरी करू नये.

दुसरी वाट आईवडिलांच्या स्वतःच्या बोलण्याची आहे. लंडनच्या मायकल पॅलिन केंद्रात बसवलेल्या पद्धतीत आईवडील मुलाबरोबर खेळतानाचा आपलाच व्हिडिओ थेरपिस्टबरोबर पाहतात, आणि बदलायची एकच गोष्ट निवडतात, उदाहरणार्थ मुलाचे बोलणे संपल्यावर एक सेकंद थांबून मग उत्तर देणे, किंवा लागोपाठ प्रश्न विचारण्याऐवजी मुलाच्या खेळावर आपण बोलणे. मग आठवड्यातून काही दिवस फक्त पाच मिनिटे, एका मुलाबरोबर एकटे, टीव्ही-मोबाइल बंद. एकत्र कुटुंबात जेवताना तिघे एकदम बोलत असतात, तिथे हे पाच मिनिटांचे बोलणे वेगळेच ठरते. याच धर्तीची, घरातल्या अपेक्षांचा भार हलका करणारी पद्धत आणि लिडकोम्ब यांची नेदरलँड्समध्ये 199 मुलांवर तुलना झाली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत 18 महिन्यांनंतर दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारलेले आढळले. तेव्हा कुठली पद्धत यापेक्षा ती शिकलेला माणूस जवळ आहे का आणि घरच्यांना ती रोज झेपेल का, हे पाहावे.

शाळकरी मुले आणि मोठी माणसे यांच्यासाठी दोन प्रकारची तंत्रे आहेत, आणि चांगला थेरपिस्ट दोन्ही वापरतो.

पहिल्या प्रकारात बोलण्याचीच घडण बदलतात. स्वराने सुरू होणारा शब्द, ‘आई’, ‘आज’, ‘ऑफिस’, आधी अगदी थोडा श्वास बाहेर सोडून, त्या वाहत्या हवेवर आवाज हळूच चढवत सुरू करायचा. ‘पनवेल’, ‘बार्शी’ म्हणताना ओठ एकमेकांना कसेबसे टेकले पाहिजेत. ‘दादर’मध्ये जीभ, ‘कुर्ला’मध्ये जिभेचा मागचा भाग. ‘ठाणे’, ‘खेड’, ‘भोर’ अशा महाप्राण अक्षरांवर पुष्कळजण आधीच हवेचा दाब साठवताना दिसतात. तिथे दाब सोडून मग सुरुवात करावी. शब्द सुटे न म्हणता एका श्वासात चार-पाच शब्दांचा तुकडा अखंड आवाजात म्हणायचा. सुरुवात मिनिटाला साधारण 60 अक्षरांनी, म्हणजे फार सावकाश. मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवत नेहमीच्या गतीच्या जवळ यायचे. अडचण अशी की सावकाश गतीत जमले की अनेक जण, आणि काही थेरपिस्टही, तिथेच थांबतात. ते बोलणे यंत्रासारखे वाटते, म्हणून घराबाहेर कोणी वापरत नाही. वेगाबरोबर स्वाभाविकपणाही मोजला गेला पाहिजे. स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकून ‘असे बोलायला मला लाज वाटेल का’ याला आकडा द्यायला शिकवतात ते याचसाठी.

एक सल्ला मात्र घरीदारी सर्रास दिला जातो आणि तो उलट पडतो: ‘मोठा श्वास घे आणि बोल.’ अडकण्याच्या क्षणी बहुधा स्वरतंतू, जीभ किंवा ओठ घट्ट बंद झालेले असतात. छाती भरून हवा घेतली की त्या बंद दारामागचा दाब वाढतो, माणूस आणखी जोर लावतो आणि श्वास धरून ठेवतो. बोलायला लागणारी हवा साध्या श्वासात भरपूर असते. कमी करायचा असतो तो दाब.

दुसरा प्रकार अमेरिकेत कॅलामझू इथल्या चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या नावाने ओळखला जातो. ते स्वतः तोतरे बोलत. यात अडखळणे टाळायचे नसते, ते सैल करायचे असते. तीन तंत्रे ठरलेल्या क्रमाने शिकायची. प्रथम, अडखळलेला शब्द पूर्ण म्हणून झाल्यावर थांबायचे, निदान तीन सेकंद. ताण कुठे होता, ओठांत, घशात, पोटात, हे ओळखायचे. मग तोच शब्द सैलपणे, थोडा ओढत पुन्हा म्हणायचा. दुसरी पायरी अडकलेले असतानाच घ्यायची: शब्द सोडून मागे जायचे नाही, धक्का देऊन पुढेही नाही, तिथेच राहून जोर उतरवायचा आणि हळू सरकत बाहेर पडायचे. तिसरी पायरी शब्द येण्याआधीची, तो अडणार हे जाणवताच सुरुवातीपासूनच सैल घ्यायचा. बहुतेक लोक तिसरीपासून सुरू करतात, कारण तीत अडखळणे कोणाला दिसत नाही. मग ती लपवण्याची नवी युक्ती होऊन बसते आणि दोन-तीन आठवड्यांत निकामी होते. पहिली पायरी सर्वांत कठीण वाटते, कारण लोकांसमोर तीन सेकंद गप्प राहायचे असते. पण भीती तिथेच उतरते.

याच्या जोडीला मुद्दाम अडखळणे असते. हे ऐकून पालक दचकतात. न अडणाऱ्या शब्दावर, कसलाही ताण न घेता, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत ‘म-म-मला एक चहा’ असे म्हणायचे. रोज ठरवून काही वेळा, आधी ओळखीच्या माणसांपुढे, मग दुकानात. ज्याला लपवण्यासाठी सगळी ताकद लागत होती तेच आपण आपल्या इच्छेने करू शकतो, याने घशाचा घट्टपणा प्रत्यक्षात कमी होतो. खऱ्या अडणाऱ्या शब्दावर किंवा एकट्याने, थेरपिस्टशिवाय, हे सुरू करू नये. खोट्याचे खरे अडखळणे होते आणि माणूस हात टेकतो.

टाळण्याची सवय हा या सगळ्याचा गाभा आहे. ‘पुणे’ अडते म्हणून ‘स्वारगेट’चे तिकीट घेणारे, ‘म्हणजे’, ‘आपलं ते’ अशा टेकूंवर वाक्य चालवणारे, हॉटेलात हवे ते न मागता म्हणता येईल ते मागणारे लोक बाहेरून अस्खलित दिसतात. कोणाला कळतही नाही आणि त्यांचे आयुष्य आक्रसत जाते. स्वतःचे नाव बदलता येत नाही, म्हणून ते सर्वाधिक अडते. उपचारात म्हणून एक शिडी करतात: कुठल्या प्रसंगाची किती भीती, 0 ते 10 आकडे देऊन. किराणा दुकानात भाव विचारणे 2, रिक्षाला पत्ता 4, अनोळखी नंबरवर फोन 7, वर्गात नाव सांगणे किंवा मुलाखत 9. खालच्या पायरीवर एकच प्रसंग लागोपाठ पाच-सहा वेळा, त्याच आठवड्यात, भीती निम्मी होईपर्यंत. महिन्यातून एकदा केलेल्या धाडसाने काही साधत नाही. फोनसाठी आणि मुलाखतीसाठी एक वाक्य तयार ठेवावे: ‘मी अडखळत बोलतो, मला जरा वेळ लागेल.’ त्याला ‘माफ करा’ जोडू नये. हे वाक्य सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात म्हटले तर त्याचा उपयोग. दोनदा अडकल्यानंतर म्हटले तर ते कबुलीसारखे वाटते. ज्यांना लोकांत जायचीच धास्ती आहे त्यांना भीतीमागचे विचार आणि सवयी बदलणारे विचार-वर्तन उपचारही लागतात आणि ते मानसतज्ज्ञाकडून घ्यावेत.

थेरपिस्ट कसा ओळखावा? भारतात वाचा-उपचार करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पदवीचे नाव बीएएसएलपी किंवा पुढची एमएएसएलपी असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नये. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांतही अशी सोय असते. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमातले शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, तिथे लहान मुलांसाठी चौकशी करावी. तालुक्यात कोणी नसेल तर व्हिडिओ कॉलवरचे उपचार मोठ्यांना चांगले लागू पडतात. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन या स्वमदत संघटनेचे गट अनेक शहरांत भेटतात. शिडीच्या मधल्या पायऱ्यांसाठी अशी जागा फार मोलाची, पण ती उपचाराची जागा घेत नाही.

पहिल्या भेटीला पाच-पाच मिनिटांची दोन ध्वनिमुद्रणे घेऊन जावे, एक घरातल्या गप्पांचे आणि एक फोनवरचे. कारण थेरपिस्टच्या खोलीत पहिल्या दिवशी बऱ्याच जणांचे बोलणे एकतर नेहमीपेक्षा सरळ होते किंवा नेहमीपेक्षा वाईट. आणि तीन प्रश्न विचारावेत. प्रगती खोलीबाहेर कशी मोजणार? अडखळणे परतले तर काय करायचे हे शिकवणार का? भेटी संपल्यावर किती महिने संपर्क राहील? ज्याच्याकडे यांची उत्तरे नाहीत आणि शंभर टक्के हमी मात्र आहे, तिथून उठून यावे. मोठ्यांत पूर्ण नाहीसा होणे विरळा. पण ताणाशिवाय, न टाळता, हवे ते बोलता येणे हे पुष्कळांना साधते, आणि त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात.

शिक्षकांना एवढीच विनंती: हजेरीला हात वर करून किंवा मान हलवून ‘हजर’ कळवण्याची मुभा सगळ्या वर्गालाच द्यावी, म्हणजे एकाचीच वेगळी सोय केली असे दिसत नाही. धडा मोठ्याने वाचताना जोडीने वाचायला लावावे. दोन आवाज एकत्र आले की अडखळणे विरते, हे वर आलेच आहे. मुलाला मधल्या सुट्टीत एकटे विचारावे की आज वाचशील का. शब्द त्याच्या तोंडचा काढून पूर्ण करू नये, ‘सावकाश, घाबरू नकोस’ म्हणू नये, आणि त्याला बोलण्यातून कायमचे वगळूही नये. तोंडी परीक्षेत वेगाला आणि न थांबता बोलण्याला गुण देऊ नयेत, आशयाला द्यावेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या स्वरयंत्र काढणे किंवा वाचाघात यांसारख्या शारीरिक व चेताविकारांतून आलेल्या कायम अडचणींभोवती केलेली आहे, त्यामुळे तोतरेपणा असलेल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्राच्या आधारावर जादा वेळ मिळणे सोपे नसते. परीक्षा मंडळाने तोंडी परीक्षेपुरता तरी, शाळेच्या शिफारशीवर, वेळेचा नियम सैल करावा.

आणि आपल्यासारख्या दैनिकांना विनंती अशी, की तोतरेपणाच्या उपचाराची कुठलीही जाहिरात घेताना जाहिरातदाराचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच छापावा. दिवसांची मुदत आणि हमी असलेला मजकूर घेऊ नये.

आपले,
दोन वाचा-उपचारतज्ज्ञ, पुणे